एटीपी किती आहे ते कळलं, पण पेशीत चाललंय काय?

उष्मागती (धागाकर्ता)

मी मूळचा रासायनिक अभियंता. टाक्या, पंप, झडपा यांत बरीच वर्षं गेली आणि आता पेशी वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. तिथे आल्या आल्या एक गोष्ट खटकली होती. ती अजून खटकते, म्हणून हा धागा.

बैठकीत कुणीतरी आलेख दाखवतं: "औषध दिलेल्या पेशींत फ्रुक्टोज बायफॉस्फेट दुप्पट झालंय, म्हणजे ग्लायकोलिसिसने वेग घेतलाय." (ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज फोडण्याची साखळी, आणि फ्रुक्टोज बायफॉस्फेट हा तिच्या मधला एक रेणू.) सगळे माना डोलावतात. मी जुन्या सवयीने विचारतो, टाकीतली पातळी वाढली ती येणारं पाणी वाढलं म्हणून, की खालची झडप अडकली म्हणून? दोन्हीत पातळी वाढतेच. एकात प्रवाह वाढलेला असतो, दुसऱ्यात घटलेला. आणि पेशीतल्या रेणूंची आपली मोजमापं बहुतेकदा पातळीचीच असतात.

एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, हे यातलं सर्वांत फसवं प्रकरण. स्नायू विश्रांतीतून पूर्ण जोराने कामाला लागला की एटीपीचा खप शंभरपटीच्या घरात जातो, तरी त्याची पातळी फारशी हलत नाही, कारण क्रिएटिन फॉस्फेट स्वतः खर्ची पडून ती सावरून धरतं. ई. कोलाय जिवाणू जोमाने वाढत असेल तर त्याच्यातला एटीपीचा सगळा साठा एक-दोन सेकंदांत वापरून पुन्हा भरला जातो. तेव्हा 'एटीपी नॉर्मल आहे' या वाक्यावरून पेशी निवांत बसलीय की धापा टाकतेय, काहीच कळत नाही. इन्क्युबेटरच्या पडद्यावर ३७ अंश दिसतात, त्यावरून हीटर किती वीज खातोय ते सांगता येतं का?

मग प्रवाह मोजायचा कसा? सर्वांत जुना मार्ग आमच्या जमातीच्या आवडीचा आहे. सीमेवर उभं राहायचं, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं त्याचा हिशेब ठेवायचा. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाच्या उष्मामापीत ठेवलं. त्याने वितळवलेला बर्फ एका बाजूला. कोळसा जाळून तेवढाच कार्बन डायऑक्साइड मिळवताना जेवढा बर्फ वितळेल तो दुसऱ्या बाजूला. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण श्वसन हे मंद ज्वलन आहे असं म्हणण्याइतके जवळ आले. पुढे १९२० च्या दशकात ऑटो वारबुर्गने ऊतींचे पातळ काप बंद काचपात्रात ठेवले, सुटणारा कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून घेतला आणि दाब किती उतरतो त्यावरून ऑक्सिजनचा खप काढला. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या हान्स क्रेब्जने कबुतराच्या छातीच्या स्नायूवर हे तंत्र वापरलं आणि १९३७ मध्ये सायट्रिक आम्लाचं चक्र मांडलं. त्या चक्राचा बराचसा पुरावा दाबमापीच्या नळीतला द्रव किती सरकला, यातून आलेला आहे. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

१९५६ मध्ये लेलँड क्लार्कने प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर प्लास्टिकचा पातळ पडदा चढवून ऑक्सिजन विजेने मोजायची सोय केली. फक्त तो इलेक्ट्रोड स्वतःच थोडा ऑक्सिजन खातो. आज अनेक ठिकाणी सीहॉर्स यंत्र असतं, त्यात प्रकाशावर चालणारे सेन्सर आहेत, ते ऑक्सिजन खात नाहीत. सेन्सर खाली उतरतो, पेशींवर दोनेक मायक्रोलिटरची बंद खोली तयार होते, काही मिनिटं ऑक्सिजन उतरताना मोजला जातो, मग सेन्सर वर आणि पुन्हा ढवळणं.

त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे औषधांचा क्रम. आधी ऑलिगोमायसिन, ते एटीपी बनवणारं एन्झाइम रोखतं. श्वसन जितकं पडलं तितकं एटीपीसाठी चाललं होतं. मग एफसीसीपी, ते मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, पडद्याला प्रोटॉनसाठी गळका करतं आणि ऑक्सिजन वापरणारी श्वसनसाखळी मोकाट धावते. ही झाली कमाल क्षमता. शेवटी रोटेनोन आणि अँटिमायसिन, साखळीच बंद. उरलेला खप मायटोकॉन्ड्रियाबाहेरचा. कारखान्यात नवीन प्लँट समजून घेताना आम्ही हेच करतो. एक झडप अचानक उघडतो आणि बाकीचं काय हलतं ते बघतो. शांत चाललेल्या यंत्रणेकडे कितीही वेळ पाहत बसलं तरी ती आपली रचना सांगत नाही.

इथे पेशींवर काम करणारे बरेच जण आहेत. तुम्ही काय मोजता, आणि कशावर विश्वास ठेवता?

मुंगीपावलं

वाचनखूण साठवली. सावकाश वाचते.

काचपात्र

लेख आवडला, पण टाकीची उपमा मला अर्धवट पटली. तुमच्या टाकीतलं पाणी झडपेला हुकूम सोडत नाही. पेशीत सोडतं. फ्रुक्टोज बायफॉस्फेट साठलं की ते पुढच्या टप्प्यावरच्या पायरुव्हेट कायनेज या एन्झाइमला चालना देतं. एटीपी वाढलं की ग्लायकोलिसिसमधलंच फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम मंदावतं. पातळी हीच इथे निरोप्या आहे. म्हणून पातळ्या मोजणं वाया गेलं असं समजू नका. ई. कोलायमध्ये ग्लुटामेट सुमारे ९६ मिलिमोलर आणि एटीपी साडेनऊ मिलिमोलरच्या आसपास असतं, हे कळल्यावरच अनेक एन्झाइमं आपल्या साहित्याने तुडुंब भरलेली आहेत हे लक्षात आलं.

दुसरं, पातळी मोजणं तरी सोपं कुठे आहे? पेशी गोळा करा, सेंट्रिफ्यूज करा, धुवा, मग रेणू काढा. तुम्हीच म्हणता एटीपी एक-दोन सेकंदांत उलटतं. मग पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरलेल्या पेशींतलं एटीपी कुठल्या क्षणाचं? म्हणून थंडगार मिथेनॉल ओतून सगळं जागच्या जागी थांबवतात. त्यातही काही जिवाणू थंडीचा धक्का बसताच आतला माल बाहेर सांडतात. नमुना घेण्याची पद्धत कशी होती हे विचारल्याशिवाय मी कुणाचाही आलेख वाचत नाही.

तिसरं, सीहॉर्सचा दुसरा आकडा, आम्लतेचा. तो लोक सरळ ग्लायकोलिसिस म्हणून छापतात. ग्लायकोलिसिसमधून बनलेल्या लॅक्टेटबरोबर प्रोटॉन बाहेर येतो हे खरं, पण श्वसनातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्याचाही बायकार्बोनेट आणि प्रोटॉन होतो. काही पेशींत हा वाटा मोठा असतो. ऑक्सिजनच्या आकड्यावरून तो वजा करता येतो, माध्यमाची बफरक्षमता (ते किती आम्ल पचवतं ती) मोजावी लागते इतकंच. करतात किती जण?

कुतूहल

मी यातला नाही, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. लाव्हाझिएने उष्णता मोजली, तर आज सरळ एका पेशीची उष्णता का मोजत नाहीत? सगळा चयापचय शेवटी उष्णताच होतो ना?

उष्मागती

बाळबोध कसला, मुद्द्याचा आहे. हिशेबच करू.

विश्रांतीतला माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो, म्हणजे ०.०११ मोल. अन्न कुठलंही असो, एक मोल ऑक्सिजन वापरला की साधारण ४५० किलोज्यूल उष्णता निघते. गुणाकार केला की ८४ वॉट. शरीरात पेशी सुमारे ३० लाख कोटी. भागाकार केला की पेशीमागे तीनेक पिकोवॉट. यातल्या बहुसंख्य तांबड्या पेशी, त्यांना मायटोकॉन्ड्रियाच नाहीत. त्या वगळल्या तर उरलेल्यांचा वाटा काही दहा पिकोवॉटपर्यंत जातो. एवढी उष्णता आजूबाजूच्या पाण्यात क्षणात विरून जाते. म्हणून उष्मामापी लाखो पेशींवर वापरतात. उष्णतेची आणखी एक अडचण अशी की ती सगळ्या अभिक्रियांची बेरीज सांगते, कुठल्या वाटेने आली ते सांगत नाही.

ऑक्सिजन मोजणं सोयीचं ते यासाठीच. वरचाच गुणाकार केला की ऑक्सिजनवरून उष्णता कळते.

काचपात्रजी, निरोप्याचा मुद्दा मान्य. माझी टाकी एवढी हुशार नाही.

लोलक

प्रकाशवाल्यांच्या बाजूने थोडं. एनएडीएचला (अन्नातले इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीकडे नेणारा रेणू) ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश दिला की ते ४६० च्या आसपास निळसर चमकतं. रंग टोचायला नको, पेशी फोडायला नको. ब्रिटन चान्सने यावर आयुष्य घालवलं आणि १९५५ मध्ये विल्यम्ससोबत मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनाच्या अवस्था मांडल्या, त्यांचे क्रमांक लोक अजून वापरतात.

पण धागाकर्त्यांचं दुखणं इथेही आहेच. चमक वाढली म्हणजे एनएडीएच जास्त बनतंय, की ते वापरणारी साखळी तुंबलीय? शिवाय त्याचा जुळा भाऊ एनएडीपीएच अगदी तसंच चमकतं, रंगावरून वेगळं करता येत नाही. म्हणून आम्ही चमक किती यापेक्षा ती किती वेळ टिकते ते मोजतो. मोकळं एनएडीएच ०.४ नॅनोसेकंदात विझतं, प्रथिनाला बिलगलेलं असेल तर दोन नॅनोसेकंद किंवा त्याहूनही जास्त टिकतं. त्यामुळे एकाच चित्रात कुठली पेशी कुठल्या स्थितीत आहे याचा नकाशा मिळतो. प्लेटमधल्या हजारो पेशींच्या सरासरीत तो बुडालेला असतो.

२००९ पासून एटीपी किंवा एटीपी-एडीपीचं गुणोत्तर दाखवणारी प्रथिनं पेशीतच बनवून घेता येतात. सुंदर दिसतात, पण सुरुवातीची काही आम्लतेलाही प्रतिसाद देत. पेशी आम्लधर्मी झाली की एटीपी घटल्याचा भास व्हायचा. सोबत आम्लता मोजलेली नसेल तर रंगीत चित्रांना भुलू नये.

शून्यप्रवाह

इतका वेळ गप्प होतो, पण आता गणितवाल्यांनाही बोलू द्या. :)

सगळं मोजायची गरजच काय? अभिक्रिया माहीत आहेत, कुठल्या अभिक्रियेत कुठला रेणू किती लागतो हेही माहीत आहे. तक्ता मांडा: ओळीत रेणू, स्तंभात अभिक्रिया. स्थिर अवस्थेत प्रत्येक रेणूची आवक आणि जावक सारखी. ई. कोलायच्या २०१७ च्या प्रारूपात १५१५ जनुकं, २७१९ अभिक्रिया आणि ११९२ वेगवेगळे रेणू आहेत. समीकरणं कमी आणि अज्ञातं जास्त, म्हणून उत्तर एक नसतं, उत्तरांचा पसारा असतो. मग ग्लुकोज आत येण्याचा मोजलेला वेग घाला आणि विचारा, या पसाऱ्यात सर्वांत वेगाने वाढ कुठे होते? संगणक क्षणात सांगतो. एकाही एन्झाइमचा वेगांक लागत नाही.

काचपात्र

आणि पेशीला सर्वांत वेगाने वाढायचंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? जिवाणूंचं एकवेळ ठीक. यकृताच्या पेशीला वाढायचं नसतं, शरीराचं काम करायचं असतं. तिच्यासाठी काय कमाल धरणार?

शून्यप्रवाह

घाव बरोबर बसला. जिवाणूंतही साधं प्रारूप एका ठिकाणी हमखास फसतं. ग्लुकोज भरपूर असेल तर ई. कोलाय ऑक्सिजन असतानाही ॲसिटेट बाहेर टाकतो. एका ग्लुकोजमागे किती वाढ मिळते या हिशेबाने ही उधळपट्टी आहे, म्हणून प्रारूप तसं करत नाही. श्वसनाची यंत्रणा उभारायला प्रथिनं जास्त लागतात आणि पेशीचा प्रथिनांचा साठा मर्यादित आहे, ही अट घातली की ॲसिटेट आपोआप उगवतो. मला हे चुकलेलं भाकीत बरोबर आलेल्या दहा भाकितांपेक्षा मोलाचं वाटतं. कुठली अट विसरलो ते त्याने दाखवलं.

यकृताबद्दल तुमच्याशी सहमत. तिथे कमाल-बिमाल सोडून मोजलेलंच पाहिजे. खुणेचा कार्बन.

मुंगीपावलं

खुणेच्या कार्बनचं कुणीतरी नीट समजावा ना. प्रत्येक शोधनिबंधात 'एम अधिक दोन', 'एम अधिक तीन' येतं आणि मी पान उलटते.

शून्यप्रवाह

एकच उदाहरण देतो, ते धरून ठेवलं की बाकीचं उलगडतं.

ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. बाजारात असं ग्लुकोज मिळतं ज्यात पहिला आणि दुसरा कार्बन जड असतो, म्हणजे कार्बन-१३. ते पेशीला द्या. ग्लायकोलिसिसमध्ये साखळी मधोमध तुटते आणि तीन-तीन कार्बनचे दोन लॅक्टेट होतात. एकात दोन्ही जड कार्बन, दुसरा कोरा. पहिल्याचं वजन नेहमीपेक्षा २ ने जास्त: हाच तो 'एम अधिक दोन'. आता समजा ग्लुकोज पेंटोज फॉस्फेटच्या वाटेने, म्हणजे ग्लायकोलिसिसला फुटणाऱ्या आडवाटेने गेलं. तिथे पहिला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो. उरला एकच जड कार्बन, आणि पुढे लॅक्टेट झालं की ते 'एम अधिक एक' दिसतं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये या दोन शिखरांचं गुणोत्तर बघा, माल कुठल्या वाटेने किती गेला त्याचा अंदाज मिळतो. दोन्ही वाटांनी लॅक्टेटच होतं, त्यामुळे नुसतं लॅक्टेट मोजून हे कधीच कळलं नसतं.

एक खोच. निसर्गातल्या कार्बनमध्येच सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो. तीन कार्बनच्या रेणूत खूण न घालताच तीनेक टक्के 'एम अधिक एक' दिसणार. ते वजा केलं नाही तर नसलेला पेंटोज मार्ग सापडतो.

काचपात्र

आणि खूण मुरायला वेळ द्यावा लागतो. ग्लायकोलिसिसचे रेणू मिनिटांत भरतात, क्रेब्ज चक्राला तास लागतात. घाईने नमुना घेतला आणि स्थिर अवस्थेचं गणित लावलं की उत्तर छान दिसतं आणि खोटं असतं.

कुतूहल

आता कळायला लागलंय. मग हे सगळं मोजल्यावर, सर्वांत संथ टप्पा कुठला ते शोधून तेवढंच एन्झाइम वाढवलं की काम झालं, असं आहे का?

उष्मागती

मीही आधी असंच समजायचो. अडथळा शोधा, रुंद करा. १९८९ मध्ये यीस्टमध्ये हे करून बघितलं गेलं. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजसकट ग्लायकोलिसिसची एन्झाइमं कितीतरी पट वाढवली, पण अल्कोहोल बनण्याचा वेग वाढला नाही.

याचं गणित आधीच झालं होतं, १९७३ मध्ये कॅक्सर आणि बर्न्स यांनी आणि १९७४ मध्ये हाइनरिश आणि रापोपोर्ट यांनी, स्वतंत्रपणे. प्रत्येक एन्झाइम १ टक्क्याने वाढवलं तर प्रवाह किती टक्के वाढतो, हा त्या एन्झाइमचा ताबा. सगळ्या एन्झाइमांच्या ताब्याची बेरीज १. म्हणजे ताबा वाटला गेलेला असतो आणि एक टप्पा रुंद केला की तो दुसरीकडे सरकतो. पाठ्यपुस्तकातला 'वेग ठरवणारा टप्पा' बऱ्याचदा असा एकटा नसतोच.

लोलक

अवांतर: जिवंत माणसाच्या आत बघायचं तर पेट स्कॅन आहे. फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोजसदृश औषध पेशीत शिरतं, फॉस्फेट चिकटतो आणि पुढे जाता येत नाही म्हणून ते तिथेच अडकतं. अर्धायुष्य ११० मिनिटं. त्याने साखर कुठे ओढली जातेय ते कळतं, पुढे तिचं काय झालं ते नाही. ती उणीव भरायला अतिध्रुवीकृत, म्हणजे चुंबकीय संकेत मुद्दाम प्रबळ केलेलं, पायरुव्हेट आहे (ग्लायकोलिसिसमधून निघणारा रेणू). २००३ मध्ये चुंबकीय अनुनादाचा संकेत दहा हजार पटींहून जास्त वाढवण्याची युक्ती निघाली. टोचलेल्या पायरुव्हेटचं लॅक्टेट होताना प्रत्यक्ष दिसतं, पण संकेत मिनिटाभरात ओसरायला लागतो. सगळं धावतपळत.

पहिलीप्लेट

नवीन सदस्य आहे, चुकलं तर सांगा. मी परवा पहिल्यांदा सीहॉर्स चालवलं. ऑलिगोमायसिनने श्वसन पडलं, पण एफसीसीपी घातल्यावर ते मूळ पातळीच्या वर गेलंच नाही. मार्गदर्शक म्हणतात पेशींची राखीव क्षमता शून्य आहे, मायटोकॉन्ड्रिया बिघडलेत. तसं लिहून टाकू का?

उष्मागती

थांबा, लिहू नका! मी एकदा 'औषधाने श्वसन निम्म्यावर आलं' असं मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. नंतर त्याच प्लेटवर डीएनएचा रंग घालून पेशी मोजल्या तर धुताना निम्म्या पेशी निघून गेल्या होत्या. मी संख्या शेजारच्या प्लेटवरून घेतली होती. तेव्हापासून ज्या पेशींवर मापन केलं त्याच पेशींची संख्या मोजतो.

तुमच्याकडे आधी दोन गोष्टी बघा. एफसीसीपी किती घातलं? कमी पडलं तर परिणाम नाही, जास्त झालं तर श्वसन उलट कोसळतं. चार-पाच मात्रा करून बघाव्या लागतात. दुसरं, पेशी किती दाट होत्या?

काचपात्र

माध्यमात पायरुव्हेट होतं का तेही बघा. इंधन नसेल तर इंजिन धावणार कशावर.

पहिलीप्लेट

पायरुव्हेट होतं. मात्रा एकच केली होती. पेशी पूर्ण भरलेल्या, एकही मोकळी जागा नव्हती. जास्त पेशी म्हणजे संकेत चांगला असं वाटलं.

उष्मागती

यंत्र आपल्याला वेग काढून दाखवतं. मूळ ऑक्सिजनची पातळी दाखवणारा आलेख वेगळा असतो, तो उघडा. भरलेल्या पेशींचं गणित साध्या प्लेटमध्येही वाईट असतं. ३ मिलिमीटर खोल माध्यमातून दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला जास्तीत जास्त १८ पिकोमोल ऑक्सिजन खाली झिरपू शकतो. तेवढ्या जागेत दोन लाख पेशी असतील आणि प्रत्येक सेकंदाला १०० ॲटोमोल (पिकोमोलचा दहा हजारावा भाग) खात असेल तर मागणी २० पिकोमोल. तळाशी गुदमरतात बिचाऱ्या, आणि वर इन्क्युबेटरमध्ये सगळं आलबेल दिसतं. तुमची खोली तर बंद आहे, तिथे वरून काही येतच नाही.

पहिलीप्लेट

आलेख उघडला. एफसीसीपीनंतर प्रत्येक मापनात ऑक्सिजन पहिल्या मिनिटातच जवळजवळ शून्याला टेकतोय आणि उरलेला वेळ सपाट रेषा! आज एक तृतीयांश पेशी घेऊन आणि एफसीसीपीच्या चार मात्रा लावून पुन्हा केलं. दुसऱ्या मात्रेला श्वसन मूळच्या अडीचपट गेलं. मायटोकॉन्ड्रिया ठणठणीत आहेत.

काचपात्र

छान. म्हणजे प्रवाहाचा आकडा खोटं बोलत होता आणि शेवटी पातळीनेच पकडलं. धागाकर्ते, हलके घ्या.